थंडीत काम करायचं तर कपडे वाकले पाहिजेत

पहिल्या दिवशी मी जे जॅकेट घालून कोल्ड स्टोरेजमध्ये शिरलो ते बघून दोघं-तिघं गालातल्या गालात हसले होते. मला वाटलं हसू देत, ह्यांना सवय आहे, मला नाहीये. आतलं तापमान उणे २० आणि मी आयुष्यात कधी उणे बिणे काही बघितलेलं नव्हतं, त्यामुळे मिळेल तितकं जाड घ्यायचं एवढा एकच विचार करून घेतलेलं जॅकेट होतं ते. जाड म्हणजे किती, तर हात अंगाला टेकायचेच नाहीत, दोन्ही बाजूंना अर्धवट उचलल्यासारखे राहायचे. आत सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, त्यावर हाताने विणलेला स्वेटर आणि मग ही गादी. खाली जीन्स आणि जीन्सच्या आत अजून एक पँट. आरशात बघून जाम सेफ वाटलं होतं.

काम काय, तर बॉक्स उचलून पॅलेटवर रचायचे. एकेक बॉक्स पंधराएक किलोचा. खाली वाका, उचला, वळा, ठेवा, आणि थर चढत गेले की खांद्याच्या वर हात नेऊन ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की मला वाकताच येत नाहीये. पोटापाशी जॅकेटची जाड घडी पडायची आणि कॉलर हनुवटीत घुसायची. हात वर केले की हातांबरोबर सगळं जॅकेट वर आणि मागे कंबर उघडी, तिथून जो गारठा आत शिरायचा तो मणक्यातून थेट डोक्यात. जीन्स गुडघ्यात अशी आवळायची की उकिडवं बसायचं तर आधी दोन्ही मांड्यांवरचं कापड वर ओढून घ्या, मग बसा. वीस मिनिटांत मी घामाने चिंब, उणे २० मध्ये, आणि मला त्याचंच कौतुक वाटत होतं की बघा, थंडी वाजतच नाहीये.

मग फोर्कलिफ्टची वाट बघत दहा मिनिटं नुसतं उभं राहावं लागलं.

पाठीला चिकटलेली बनियन आधी कोमट होती, मग गार झाली, मग कुणीतरी ओलं फडकं फ्रीजरमधून काढून पाठीवर पसरावं तशी झाली. दातावर दात वाजायला लागले, हातातली पावती थरथरायला लागली. तेवढ्यात मामा आले (सगळेच त्यांना मामा म्हणतात, वीसेक वर्षं ह्याच कामात आहेत), माझ्या जॅकेटची बाही चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "हे घालून तू नुसता उभा राहणारेस का काम करणारेस?" मी म्हटलं काम. "मग हे काढ. आणि उद्यापासून आत आल्यावर पहिली दहा मिनिटं तुला थोडी थंडी वाजली पाहिजे. नाही वाजली तर जास्त घातलंयस असं समज."

हे मला तेव्हा वेड्यासारखं वाटलं. थंडी वाजू नये म्हणून कपडे घालायचे आणि थंडी वाजली पाहिजे म्हणे. पण आता इतक्या वर्षांनी कुणी विचारलं की थंडीत काम करायला काय घ्यावं, तर मी पण तिथूनच सुरुवात करतो.

हिशोब असा आहे की गप बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे जुना एक बल्बच. तोच माणूस ओझी उचलायला लागला की हा आकडा ३००-४०० च्या घरात जातो, कारण अंगातली जी ऊर्जा स्नायू वापरतात त्यातली जेमतेम पाव भाग कामाला लागते आणि बाकी सगळी उष्णता होते. म्हणजे अंगातली शेगडी तिप्पट-चौपट पेटलेली असते आणि आपण वर कपडे मात्र बसलेल्या माणसाचे घातलेले असतात. कपड्यांच्या उबेला मोजमाप पण आहे, त्याला क्लो म्हणतात, १९४१ साली ठरवलंय. २१ अंशांच्या खोलीत नुसता बसलेला माणूस जेवढ्या कपड्यात आरामात राहतो, म्हणजे साधारण एक कोट-पँटचा सूट, ती १ क्लो. आता उष्णता तिप्पट होत असेल तर त्याच थंडीत ऊब साधारण एक तृतीयांश पुरते, हे सरळ गणित आहे. म्हणून स्थिर उभं राहणारा वॉचमन आणि बॉक्स टाकणारा हमाल ह्यांनी एकाच खोलीत सारखे कपडे घातले तर दोघांतला एक जण नक्की त्रासात असणार.

आणि घाम हाच खरा वैरी आहे हो, थंडी त्याच्यानंतर. कपडा ऊब देतो म्हणजे तो स्वतः काही तापत नाही, त्याच्या धाग्यांत जी हवा अडकून राहते ती ऊब धरते. त्या हवेच्या जागी पाणी आलं की खेळ खलास, कारण पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुती कपडा घाम पितो आणि धरून बसतो, सुटतच नाही. एरवी मी सुतीचा भक्त आहे, उकाड्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण थंडीत अंगाला लागून सुती काहीही नको, बनियन नको, चड्डी नको, मोजे तर नकोच नको. लोक वरचं जॅकेट महागातलं घेतात आणि आत तीच जुनी सुती बनियन. सगळे पैसे तिथेच पाण्यात.

अंगाला लागून दोनच गोष्टी चालतात, एक पॉलिएस्टरचं थर्मल आणि दुसरं मेरिनो लोकरीचं (मेरिनो ही मेंढीची जात, तिची लोकर बारीक असते). पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, वजनाच्या एक टक्का पण नाही, त्यामुळे घाम त्याच्यावरून पुढे सरकतो आणि कपडा लवकर वाळतो. दोष एकच, वास. दोन शिफ्ट झाल्या की तो कपडा आपल्याआधी खोलीत पोचतो. लोकरीचं उलट आहे, ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ आत ओढून घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि वास धरत नाही. लोकर म्हटली की लोकांना टोचणारा स्वेटर आठवतो पण टोचण्याचं कारण धाग्याची जाडी आहे. तीसेक मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा धागा कातडीला टोचतो, चांगल्या मेरिनोचा धागा वीसच्या पण खाली असतो म्हणजे वाकतो, टोचत नाही. (आपला केस ७०च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज येईल.) मेरिनो महाग पडते आणि बॅगेच्या पट्ट्याखाली, खांद्यावर लवकर विरते. मी स्वतः वर मेरिनो आणि खाली पायात पॉलिएस्टर घालतो, कारण पायाला खांद्याएवढा घाम येत नाही आणि घासाघीस जास्त होते.

हा आतला थर अंगाला लागून पाहिजे, पण आवळून नाही. लागला नाही तर घाम ओढणार कसा, आणि आवळला तर रक्त फिरणार कसं. काढल्यावर कातडीवर शिवणीचा वळ उठत असेल तर एक नंबर मोठा घ्या.

मधल्या थराबद्दल फार बोलायचं नाहीये, फ्लीस घ्या, म्हणजे ते पॉलिएस्टरचं मऊ लवदार कापड, आणि विषय संपवा. १९७९ साली निघालेलं कापड आहे हे आणि अजून कामकऱ्याला त्याच्यापेक्षा सोयीचं काही मिळालेलं नाही, हलकं, ताणलं जातं, झटकलं की अर्धं पाणी उडतं. जाड एक घेण्यापेक्षा पातळ दोन घ्या म्हणजे एक काढता येतं. पिसांचं जॅकेट, ते फुगलेलं फुगलेलं, बसून राहणाऱ्याला राजा आहे पण आपल्याला निरुपयोगी, खांद्यावर बॉक्स घेतला की तिथली पिसं दबतात आणि दबली की तिथे हवा नाही आणि हवा नाही म्हणजे ऊब नाही, शिवाय घामाने भिजली की गोळा होऊन बसतात.

आता वळूया मुख्य मुद्द्याकडे, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. वाकणं.

लोक उबेचं लेबल वाचतात, कापड चोळून बघतात, पण कपडा कसा कापलाय हे बघत नाहीत. मी पण बघत नव्हतो. हात वर केल्यावर जॅकेट वर जातं त्याचा दोष जॅकेटच्या लांबीचा नसतो, काखेचा असतो. बाही जिथे जोडलीये ते भोक खूप खाली उतरलेलं असेल तर हात उचलला की बाही सगळ्या धडाला घेऊन वर जाते. काखेचं भोक वर, काखेच्या अगदी जवळ असेल तर हात एकटाच वर जातो. हे ऐकायला उलटं वाटतं कारण आपल्याला वाटतं ढगळ काख म्हणजे मोकळी काख. एकदा घरातला कुठलाही जुना शर्ट घालून बघा, ज्याची काख ढगळ आहे त्याचंच टोक जास्त वर येईल. त्यात काखेत एक चौकोनी तुकडा वेगळा जोडलेला असेल तर सोन्याहून पिवळं, मग चार शिवणी एका बिंदूत येत नाहीत आणि काखेत उसवत पण नाही. हाच तुकडा पँटीला दोन्ही पायांच्या मध्ये पाहिजे. तो नसला की उकिडवं बसताना एक दिवस चर्रर असा आवाज येतो आणि मग शिफ्ट संपेपर्यंत भिंतीला पाठ लावून चालावं लागतं, अनुभवाने सांगतोय.

रॅग्लन बाही म्हणजे जिची शिवण खांद्यावर न येता गळ्यापासून तिरकी काखेत जाते ती. रॅग्लन नावाचा ब्रिटिश लॉर्ड होता, १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला, आणि त्याच्यासाठी ही बाही निघाली असं म्हणतात. गोष्ट किती खरी ते सोडा, पण खांद्यावर ओझं घेणाऱ्याला खांद्यावर शिवण नसणं ही चैन आहे, शिवण ओझ्याखाली रुतत नाही.

बाकी ताणलं जाणारं कापड. स्पँडेक्स, ज्याला आपण लायक्रा म्हणतो, ते १९५८ साली जोसेफ शिव्हर्स नावाच्या केमिस्टने ड्यूपाँ कंपनीत शोधलं आणि आपल्या मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणून परत जागेवर येतं. कामाच्या पँटीत ते चार-पाच टक्के असलं तरी भरपूर झालं. जास्त टक्के म्हणजे जास्त चांगली पँट असं नाही, कारण लायक्रा जास्त झालं की पँट अंगाला चिकटते, गुडघ्याला पुडी येते आणि चिकटलेल्या कापडात हवा कुठे राहणार. मला विचाराल तर कापड कमी ताणणारं आणि काप चांगला हे जास्त टिकतं. गुडघ्याला आधीच बाक दिलेला असेल, म्हणजे हँगरवर पँट लटकवली तरी ती किंचित चालतेय असं वाटेल, अशी पँट मिळाली तर सोडू नका.

दुकानात माझी परीक्षा आता ठरलेली आहे आणि माझ्याबरोबर येणाऱ्याला तिची लाज वाटते. आत जे थर घालणार ते सगळे घालून जातो. मग दोन्ही हात वर, जणू कपाटावरची बॅग काढतोय, कंबर उघडी पडली की जॅकेट बाद. मग स्वतःलाच कडकडून मिठी, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये तटतटलं की बाद. मग सरळ उकिडवं बसून बुटाची नाडी सोडून परत बांधायची, श्वास अडकला की बाद, मागून पँट खाली घसरली की बाद. मग हात पूर्ण पुढे करून मूठ वळायची आणि बघायचं की मनगट उघडं पडतंय का, कारण मनगटाची ती दोन बोटांची उघडी पट्टी दिवसभरात जेवढं गारठवते तेवढं नाक पण नाही गारठवत. शेवटी जॅकेटचीच टोपी डोक्यावर घेऊन मान दोन्हीकडे वळवायची, मानेबरोबर टोपी वळली तर ठीक, नाही वळली तर तुम्ही टोपीच्या आतल्या अस्तराकडे बघत असता आणि मागून फोर्कलिफ्ट येत असते.

एकदा हे सगळं करत असताना सेल्समन म्हणाला, "साहेब, व्यायाम घरी करा ना." मी म्हटलं दादा, मला हेच करायचे पैसे मिळतात.

थर एकमेकांवरून सरकले पाहिजेत ही पण एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. फ्लीसवर फ्लीस घातलं की दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि कोपर वाकवताना आत नुसती कुस्ती चालू असते, दिवसभर ती कुस्ती खेळून खांदे दुखतात आणि आपल्याला वाटतं बॉक्स जड होते. वरच्या जॅकेटला आतून गुळगुळीत अस्तर पाहिजे, निदान बाह्यांना तरी. मॅलरी नावाचा ब्रिटिश गिर्यारोहक १९२४ साली एव्हरेस्टवर जे कपडे घालून गेला होता त्यांची हुबेहूब प्रत करून २००६ मध्ये तिथेच वापरून बघितली गेली, त्यात रेशीम आणि लोकर असे पातळ पातळ थर होते आणि वर गॅबर्डीन, म्हणजे वारा अडवणारं घट्ट विणीचं कापड. रेशमामुळे थर एकमेकांवरून घसरायचे, हालचालीला अडथळा नाही. फोटोत ती माणसं फिरायला निघाल्यासारखी दिसतात म्हणून आपण हसतो, पण काप आणि थर त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होते असं मला वाटतं.

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीचं पण तसंच आहे. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोचला, त्याच्याकडे उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांसारखे सैल चामडी-केसाळ कपडे होते, जे तो १९०३ ते १९०५ मध्ये त्यांच्यातल्याच नेत्सिलिक लोकांच्यात राहून शिकला होता. आत केस अंगाकडे, वरच्यात केस बाहेर, आणि दोन्ही सैल म्हणजे गळ्यापाशी मोकळं केलं की गरम हवा निघून जाते. त्याच्या मागून पोचलेल्या ब्रिटिश स्कॉटकडे लोकर आणि गॅबर्डीन. सगळे म्हणतात स्कॉट चुकला. पण अमुंडसेनच्या बर्फावरून घसरणाऱ्या गाड्या कुत्रे ओढत होते आणि स्कॉटची माणसं स्वतः ओढत होती, जू मानेवर घेतल्यासारखी, केसाळ कातडी घालून ती ओढाताण केली असती तर घामानेच मेली असती. कपडा चूक का बरोबर ते कामावरून ठरतं, हाच मामांचा प्रश्न झाला की.

स्कॉटच्याच मोहिमेतला एक किस्सा मी नवीन पोरांना नेहमी सांगतो. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात, म्हणजे दिवसरात्र अंधार, चेरी-गॅरार्ड आणि अजून दोघं पेंग्विनची अंडी आणायला गेले होते, थंडी उणे ६० पर्यंत गेलेली. गाडी ओढून घाम यायचा, तो कपड्यातच गोठायचा. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूतून बाहेर आला, मान वर करून आजूबाजूला बघितलं आणि मान खाली येईना. पंधराएक सेकंदांत कपडे लाकडासारखे कडक झाले होते. पुढचे चार तास तो तसाच, मान वर, गाडी ओढत राहिला. त्या दिवसानंतर तिघंही बाहेर आल्या आल्या आधी ओढायच्या पोझमध्ये वाकून उभे राहायचे, म्हणजे कपडे गोठले तरी कामाच्या आकारात गोठतील. त्याची झोपायची बॅग निघताना ८ किलोची होती, परत आला तेव्हा २० किलोची, वरचे १२ किलो म्हणजे त्याचाच घाम आणि श्वास.

आमच्याकडे एवढं होत नाही अर्थात, पण छोट्या प्रमाणात रोज होतं. फ्रीजरमधून बाहेर आलो की जॅकेटचं कापड उणे २० चं आणि बाहेरची हवा दमट, त्यामुळे कापडावर सरळ दव पडतं, हात फिरवला की ओला. तसंच घालून दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि परत आत गेलं की ते दव गोठतं, बाह्या कुरकुर वाजायला लागतात, चेन जागच्या जागी बसते, वेल्क्रोत बर्फाचे कण अडकले की ते चिकटायचं नाव घेत नाही. म्हणून बाहेर आलं की जॅकेट काढून मधल्या खोलीत टांगायचं, अंगात ठेवून फिरायचं नाही. हातमोजे खिशात कोंबायचे नाहीत, टांगायचे. आणि चेनच्या टोकाला जाडसर दोरीचा फास बांधून ठेवायचा, हातमोजा न काढता ओढता येते, चेन प्लास्टिकच्या जाड दातांची घ्यायची कारण लोखंडी चेन हनुवटीला लागली की कळतं. प्लास्टिकचा रेनकोट तर आत न्यायचाच नाही, पत्र्यासारखा कडक होतो आणि कोपरात तडकतो.

पँटीबद्दल एकच, खांद्यावर पट्टे असलेली डांगरी घ्या. कमरेला पट्टा आवळायला लागत नाही, वाकलं तरी पाठ झाकलेली राहते आणि जॅकेट थोडं वर गेलं तरी चालून जातं. पूर्ण एका तुकड्याचा सूट ऊब जास्त देतो, पण दोन्ही हात वर केले की तो कुठून खेचतो ते सांगायला नको, आणि बाथरूमला जायचं म्हणजे सगळंच उतरवायचं. आमच्यातल्या एक ताई म्हणतात की सूट बनवणाऱ्याने आयुष्यात कधी बाईला कामावर बघितलेलंच नसणार. त्यांचं दुखणं खरं आहे, पुरुषांच्या मापातला छोटा नंबर म्हणजे बायकांचं माप असं धरून चालतात, मग खांदे लोंबतात, बाह्या दोन घड्या घालाव्या लागतात आणि कुल्ल्यांवर मात्र इतकं तंग की बसता येत नाही. त्यांनी शेवटी डांगरीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून तिथे ताणणाऱ्या कापडाची पट्टी बसवून घेतली आणि आता ती डांगरी कुणाला हात लावू देत नाहीत.

लेबल वाचायची सवय असेल तर थंडीच्या कपड्यांवर ईएन ३४२ हा आकडा (युरोपातलं मानक) बघा, तो उणे ५ आणि त्याखालच्या थंडीसाठीचा आहे, आणि हातमोज्यांवर ईएन ५११. हातमोज्यावर चित्राखाली तीन आकडे असतात, पहिला गार हवेचा, दुसरा गार वस्तूला हात लावण्याचा, हे दोन्ही ० ते ४, आणि तिसरा पाण्याचा, तो ० किंवा १. आपल्याला दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण आपण हवा धरत नाही, बॉक्स आणि लोखंडी दांडा धरतो.

हातमोज्यांवर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. हाताची कातडी १५ अंशांच्या खाली गेली की बोटांचं कसब उतरायला लागतं, ८च्या आसपास स्पर्शच नीट कळत नाही, मग टेप कापताना बोट कापलंय हे लाल डाग बघून समजतं. जाड मोजा घातला तर ऊब आहे पण पेन धरता येत नाही, पातळ घातला तर पेन धरता येतं पण पाच मिनिटं. मी दोन जोड घालतो, आत पातळ लोकरीचा आणि वर चार बोटं एकत्र असलेला जाड, जो दोरीने मनगटाला लटकतो. पावती लिहायची की वरचा झटकून सोडायचा, लिहून झालं की परत हात आत. तीन वेगवेगळ्या जोड्या वाया घालवून इथवर आलोय. आणि आतला पातळ जोड दुपारी बदलायचाच, कितीही कोरडा वाटला तरी, तो कोरडा नसतो.

पायांत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे त्याच बुटात मोज्यांचे दोन जोड. बूट तोच, पाय तोच, आत जागा संपली, रक्त अडलं आणि पाय एका जोडीपेक्षा जास्त गार पडले. एकच जाड लोकरीचा मोजा आणि बूट एक नंबर मोठा, बोटं आत हलली पाहिजेत, आणि तळव्याखाली फेल्टचं पॅड, कारण पायाची अर्धी थंडी जमिनीतून येते.

धुण्याचं एक राहिलं, थर्मलला कापड मऊ करणारं ते सुवासिक लिक्विड घालू नका, धाग्यावर त्याचा थर बसतो आणि मग कपडा घाम ओढायचं सोडून देतो. लोकर गरम पाण्यात घातली तर ती पुढच्या वेळी लहान मुलाला होईल.

आणि चष्मेवाल्यांसाठी, मी स्वतः चष्मेवाला आहे म्हणून. माकडटोपी नाकावरून घेतली की श्वास वर जाऊन काचेवर बसतो आणि आत ती वाफ लगेच गोठते, मग पॅलेटच्या नंबरऐवजी नुसता धुक्याचा पांढरा डाग दिसतो. टोपीची कड नाकाच्या खाली ठेवायची, नाकपुड्या उघड्या, ओठ झाकलेले. नाक गार पडतं, शेंडा लाल होतो, पण नंबर वाचता येतो. बाहेर आल्यावर काच धुरकटणारच, तिथे काही उपाय नाही, दोन मिनिटं तसंच थांबायचं आणि पुसायला हातमोज्याचं टोक वापरायचं नाही, त्यावर बर्फाचे कण असतात, माझ्या डाव्या काचेवर त्याचे तीन ओरखडे आहेत.